राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना चालवताना

आमच्या घरसभेत, म्हणजे घरी भरणाऱ्या ख्रिस्ती प्रार्थनासभेत, राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना चालवायची पाळी बहुधा माझ्याकडेच येते. सुरुवात बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या १३व्या अध्यायाने करू नका. लोक ‘अधिकाऱ्यांच्या अधीन राहा’ एवढंच धरून बसतात. आधी दानीएल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ४था अध्याय मोठ्याने वाचा, घाई न करता. बाबेल नगरी मीच उभारली अशी फुशारकी मारणारा तिथला राजा नबुखद्नेस्सर बैलासारखा गवत खातो. आकाशाकडे डोळे लावल्यावरच त्याची बुद्धी परत येते. इथे थांबा. २७वं वचन एखाद्या तरुणाला वाचायला द्या: गरिबांवर दया कर, असं दानीएल राजाला तोंडावर सांगतो. मग रोमकर १३:४ घ्या. अधिकारी देवाचा सेवक, हे आता वेगळं समजवावं लागत नाही.

प्रार्थनेत नावं घ्या, सरपंचापासून पंतप्रधानांपर्यंत. ज्यांना मत दिलं नाही त्यांचीही. कुणी पक्षाचा प्रचार सुरू केला, की मी सरळ गीत उचलते.