मे महिन्यात पोरांना घेऊन तीन दिवस डोंगरात, नाशिकहून

उन्हाळ्यात ट्रेक म्हटलं की घरातली मोठी माणसं लगेच म्हणतात, एवढ्या उन्हात लेकरांना कुठं घेऊन निघालात? बाराच्या उन्हात चढणार असाल तर बरोबरच आहे त्यांचं. पण वेळ आणि पाणी सांभाळलं तर कळसूबाई-रतनवाडी हा बेत आठ-दहा वर्षांच्या पोरांनाही छान झेपतो.

पहिल्या दिवशी दुपार टळल्यावर निघा, घोटीवरून भंडारदऱ्याच्या रस्त्याला बारी गाव लागतं, तिथंच मुक्काम. गावात घरगुती राहण्या-जेवणाची सोय होते, आधी फोन करून ठेवा. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला टॉर्च घेऊन चढायला लागायचं. कळसूबाई १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, पोरं सोबत असली की साडेतीन-चार तास धरा. वाटेत लोखंडी शिड्या आहेत आणि ऊन चढलं की त्या रेलिंगला हात लाववत नाही, म्हणून उतरतानाही दहाच्या आत शिड्यांच्या खाली आलंच पाहिजे. शिडीवर एक मोठा माणूस पोराच्या पुढे, एक मागे. खाऊची पिशवी हातात नको, माकडं ओढतात.

पाण्याचं मात्र नीट ऐका. मोठ्यांना तीन लिटर, पोरांना दीड-दोन, शिवाय ओआरएसची पाकिटं. मे महिन्यात वरच्या टाक्या-झऱ्यांच्या भरवशावर अजिबात राहू नका. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे बाकीचं सामान कमी करा, पोरांच्या सॅकमधे त्यांची बाटली, टोपी, थोडा खाऊ एवढंच. पोरगं खेळण्याच्या नादात पाणी मागत नाही, तेव्हा दर वीस मिनिटांनी दोन घोट पाजायचे, आणि लघवी गडद पिवळी होतेय का ते विचारत राहायचं. एकदम गप्प झालं, डोकं दुखतंय म्हणालं तर सावलीत बसवा, मान-काखा ओल्या फडक्यानं पुसा, तिथून पुढं चढायचं नाही.

खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, खजूर, ह्या गोष्टी उन्हात टिकतात. वाटेत करवंदं मिळतातच.

दुपारी झोप काढून जीपनं रतनवाडी. अमृतेश्वराचं मंदिर आणि पुष्करणी संध्याकाळी निवांत बघा. मेच्या शेवटी गेलात तर रात्री काजवे दिसतात, तेव्हा टॉर्च आणि मोबाईलचा फ्लॅश बंद, आणि जंगलात शेकोटी नको, सगळं वाळलेलं असतं. तिसऱ्या दिवशी पहाटे रतनगडाच्या वाटेनं झाडीपर्यंत चालून या, लहान पोरं असतील तर गडावर मुक्कामाचा हट्ट नको. सांदण ही अरुंद, खोल घळ बघायची असेल तर साम्रद गावातून सकाळीच, वळवाचे ढग दाटले तर आत उतरायचंच नाही. आणि सकाळी बूट झटकूनच घालायचे, विंचू असतात, ही सवय पोरांना पहिल्याच दिवशी लावा.