पडलेल्या कडुनिंबाचा बाक कसा करायचा

रस्त्यावरचं झाड पडलं की दोन तासांत त्याचे तुकडे होऊन सरपणाच्या टेम्पोत जातात, मला ते बघवत नाही, आणि कडुनिंब असला तर अजिबातच नाही, कारण लाकूड चांगलं वजनदार, कीड सहसा लागत नाही आणि आपल्या बडोद्यात तो गल्लोगल्ली आहे.

रस्त्यावरचं झाड असेल तर आधी वॉर्ड ऑफिसात विचारा, सोसायटीतलं असेल तर सेक्रेटरीला. आणि कापणाऱ्याला तिथेच उभं राहून सांगा की भाई, खोड चार-पाच फूट सलग ठेव, एकदा बारीक तुकडे झाले की संपलं.

आता खिळे. शहरातल्या झाडात ते असतातच, कोणी बोर्ड ठोकलेला, कोणी दिव्यांची माळ. माझ्या खोडाला वरून काही दिसत नव्हतं पण कापलेल्या टोकावर काळा-निळा डाग होता, तो धरून छिन्नीने आत गेले तर चार बोटं खोल अख्खा तीन इंची खिळा, झाड त्याला गिळून वाढलेलं! म्हणून लातीवर, म्हणजे वखारीत, नेण्याआधी मेटल डिटेक्टर फिरवाच, नाहीतर सॉ मिलवाल्याचं पातं जातं आणि पुढच्या वेळी तो शहरातलं लाकूड घेतच नाही.

फळ्या दोन इंची काढा, मधला गाभा सोडून द्या, फळी तिथूनच फाटते. दोन्ही टोकांना त्याच दिवशी ऑइल पेंट लावा. मग सावलीत, वारा लागेल अशा जागी, दर दीड फुटावर एक इंची पट्ट्या घालून थर रचा, पट्ट्या एकाखाली एक सरळ रेषेत हव्यात, आणि वर दगड ठेवा. तळमजल्यावर नको, माझ्या वरच्या व्हरांड्यात होत्या म्हणून 2024 च्या ऑगस्टमधल्या विश्वामित्री नदीच्या पुरातून वाचल्या.

आणि थांबा. फळी वाळायला जाडीच्या एका इंचाला साधारण वर्ष धरतात. मी दर महिन्याला एक फळी वजनकाट्यावर ठेवून पेन्सिलीने तिच्यावरच आकडा लिहायचे, वजन उतरायचं थांबलं तेव्हा काम सुरू केलं.

पाय लोखंडी चालतील, फक्त स्क्रूची भोकं लांबट पाडा कारण फळी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पॉलिश पेपर 80, 120, 220 नंबरचे, याच क्रमाने, मास्क लावूनच. शेवटी अळशीचं तेल दोन-तीन हात, दुकानात ‘बॉइल्ड लिनसीड ऑइल’ म्हणून मिळतं ते, घरी उकळायचं नाही, आणि तेलाचं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेटतं, दोरीवर मोकळं पसरून वाळवा.