सी मेजर ते ए मायनर, टक्सगिटारवर
टक्सगिटार हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात कॉर्डची (म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांची) विंडो उघडून मूळ स्वर आणि प्रकार निवडला की ती कॉर्ड कुठे कुठे धरता येते ते दिसतं. गिटार मांडीवर घेऊनच बसा हं. सी मेजर बघा, तिसरं बोट (अनामिका) पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्यांमधलं घर), मधलं चौथीच्या दुसऱ्या, पहिलं (तर्जनी) दुसरीच्या पहिल्या, जाड सहावी तार वाजवायची नाही. आता फक्त तिसरं बोट उचलून तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर ठेवा, झाली ए मायनर! सी-ई-जी मधला जी गेला, ए आला, बाकी दोन सूर तेच, मला हे कळलं तेव्हा काय भारी वाटलं होतं! मग दोन्ही कॉर्ड्सचे फ्रेट नंबर टॅबमध्ये (तारांच्या रेषांवर आकडे लिहायची जागा) टाका, टेम्पो 60 (मिनिटाला 60 ठोके) ठेवून लूप लावा आणि सोबत वाजवा, बोटं अडखळली तर अजून कमी करा.