स्पोर्ट्स कारमध्ये हवा नक्की किती भरायची?
आधी ड्रायव्हरचा दरवाजा उघडा, पिलरवर, म्हणजे दरवाजाच्या चौकटीच्या खांबावर, स्टिकर असतो, त्यावरचाच आकडा धरायचा, टायरच्या साइडला मॅक्स म्हणून छापलेला आकडा धरायचा नाही, ती टायरची लिमिट असते. पुढचा-मागचा आकडा वेगळा असू शकतो, आणि पंपावरचा पोरगा चारही टायरला सरसकट ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) मारून मोकळा होतो, त्याला आधीच सांगा.

मोजायची ती टायर थंड असताना, म्हणजे गाडी ३ तास तरी उभी पाहिजे. मी एकदा कसारा घाट चढून आलो, नाशिकच्या द्वारका चौकात लगेच चेक केली, ४ पीएसआय जास्त दिसली म्हणून शहाणपणा करून काढली आणि सकाळी बघतो तर चारही टायर कमी! गरम टायरची हवा काढायची नाही म्हणजे नाही.

आपल्याकडची थंडी पण धरा, साधारण ५-६ डिग्री उतरलं की १ पीएसआय जातो, मे महिन्यातला हिशोब डिसेंबरच्या पहाटे चालत नाही.

मधला पट्टा घासला तर हवा जास्त, दोन्ही कडा घासल्या तर कमी. लो प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीच्या साइडच्या टायरला तर कमी हवेत एक खड्डा लागला की रिम वाकलीच समजा, आणि पावसाळ्यात खड्ड्यांना काय तोटा.