मृत्युपत्राचा व्यवस्थापक कसा निवडावा आणि प्रोबेटनंतरचे काम कसे उरकावे

नात्यातल्या चार मृत्युपत्रांचा व्यवस्थापक, म्हणजे एक्झिक्युटर, म्हणून मी काम केले आहे. "थोरल्याचे नाव घाला, झाले" हा सल्ला प्रत्येक वेळी कानावर आला. थोरलेपणाचा या कामाशी काडीचा संबंध नाही. तीन वर्षांपूर्वीची पावती मागितली तर जो पाच मिनिटांत काढून देतो, आणि सख्ख्या भावालाही "पैसे आत्ता मिळणार नाहीत" असे तोंडावर सांगू शकतो, त्याला निवडा. तो सज्ञान हवा, कारण अल्पवयीन व्यक्तीला प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला, मिळत नाही. ज्याला मालमत्तेत वाटा आहे त्याला व्यवस्थापक होता येत नाही, असे कोणी सांगितले तर ऐकू नका. भारतीय कायद्यात तशी आडकाठी नाही. नाव घालण्याआधी त्याला विचारा आणि एक पर्यायी नावही लिहा. व्यवस्थापकच नेमला नसेल तर प्रोबेटऐवजी प्रशासनपत्र, म्हणजे मालमत्तेचा कारभार पाहण्याचे न्यायालयाचे अधिकारपत्र, घ्यावे लागते आणि त्यासाठी हमीपत्र द्यावे लागते.

मृत्युपत्रावर किमान २ साक्षीदारांच्या सह्या लागतात. प्रोबेटच्या अर्जाच्या वेळी त्यांतला एक तरी हवा असतो, म्हणून आपल्याहून वयाने लहान आणि ठावठिकाणा लागेल असेच साक्षीदार घ्या.

मृत्यूनंतर मूळ मृत्युपत्र ताब्यात घ्या, मृत्यूच्या दाखल्याच्या भरपूर प्रती काढा, मालमत्ता आणि देण्यांची यादी करा आणि वकिलामार्फत अर्ज दाखल करा. मृत्यूला ७ दिवस होईपर्यंत न्यायालय प्रोबेट देत नाही, त्यामुळे पहिल्या आठवड्यात पळापळ नको. जवळच्या वारसांना नोटिसा जातात. कोणी हरकत घेतली तर प्रकरण दाव्यासारखे चालते. नाही घेतली तर प्रोबेट हाती येते.

खरा कस लागतो तो त्यानंतर. प्रोबेट मिळाले की घरात सगळ्यांना वाटते, आता वाटणी. मलाही तसेच वाटले होते. मामांच्या मृत्युपत्राचे प्रोबेट मिळाल्यावर मावसभावंडांनी तगादा लावला. त्यांची निकड खरी होती, माझा जीव त्यांच्यात गुंतलेला होता, म्हणून खात्यातली सगळी रक्कम मी वाटून टाकली. तीन महिन्यांनी एका बँकेची नोटीस आली: मामा एका मित्राच्या कर्जाला जामीन राहिले होते आणि मित्राने हप्ते थकवले होते. घरात कोणालाच हे माहीत नव्हते. एका भावाचे पैसे घरात गुंतून गेले होते. परत मागताना जी बोलणी झाली त्यांचा सल अजून आहे, आणि कमी पडलेली रक्कम काही काळ मला पदरची भरावी लागली. मी हे भरले ते उपकार म्हणून नव्हे. व्यवस्थापकाच्या चुकीने मालमत्तेचे नुकसान झाले तर त्याची भरपाई त्याच्याकडून घेतली जाते.

म्हणून क्रम कधीही मोडू नका. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात तो स्पष्ट दिला आहे: आधी अंत्यविधी आणि शेवटच्या आजारपणाचा खर्च, मग प्रोबेटचा खर्च, मग शेवटच्या ३ महिन्यांतला घरकामगार वा मजुरांचा थकलेला पगार, मग बाकीची देणी, आणि ती सगळी फिटल्यावर मृत्युपत्रातले वाटे. देण्यांसाठी पैसा अपुरा असेल तर ओळखीच्या सावकाराला पूर्ण आणि दुसऱ्याला शून्य, असे चालत नाही. सर्वांना प्रमाणात द्यायचे. मृत्यूपासून १ वर्ष होईपर्यंत वाटे देण्याची सक्ती व्यवस्थापकावर नाही. नातेवाईक अडून बसले की मी हेच कलम दाखवतो.

त्या वर्षात धनकोंसाठी, म्हणजे मृताकडून ज्यांचे येणे आहे त्यांच्यासाठी, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. नोटिशीची मुदत संपल्यावर, माहीत असलेली देणी भागवून वाटप केले, तर माहीत नसलेल्या देण्याची जबाबदारी तुमच्या अंगावर येत नाही. धनकोला मग वाटा घेणाऱ्यांकडे जावे लागते. "घरचेच तर आहे, नोटिशीचा खर्च कशाला?" असे म्हणणाऱ्याचे मी आता ऐकत नाही. मृताची जुनी पासबुके पानन् पान चाळा, जामीनकीची कागदपत्रे शोधा, मित्रांना थेट विचारा. आर्थिक वर्ष सुरू झाल्यापासून मृत्यूच्या दिवसापर्यंतच्या उत्पन्नाचे आयकर विवरणपत्रही मृताच्या नावाने भरावे लागते. तेही देणेच समजा.

आणखी एक गैरसमज मोडून काढा: नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअरच्या बाबतीतही हेच सांगितले. नॉमिनीच्या हाती आलेला पैसा सहसा मृत्युपत्राप्रमाणे वारसांचाच असतो. हे त्याला पहिल्याच भेटीत समजावा, पैसे खर्च झाल्यावर नव्हे.

सगळा व्यवहार स्वतंत्र खात्यातून करा, स्वतःच्या खात्यातून एक रुपयाही नको. प्रोबेट मिळाल्यापासून ६ महिन्यांत मालमत्तेची यादी आणि १ वर्षात हिशेब न्यायालयात द्यायचा असतो. वाटा देताना प्रत्येकाची सही घ्या, आणि उशिरा एखादे देणे निघाले तर आपल्या वाट्यापुरती रक्कम परत करीन, असे त्याच पावतीवर लिहून घ्या.