माळ राखायचा तर आधी धनगर गाठा

दिवाळी झाली की आमच्या कर्नाटकातल्या निपाणीकडच्या माळांवर भोवत्ये (हॅरियर, शिकारी पक्षी) उतरतात. गावात सगळे त्याला घारच म्हणतात. पण नीट बघा, हा उंच घिरट्या घालत नाही. पंख व्हीसारखे वर धरून गवताच्या शेंड्यांवरनं डुलत जातो. नर राखाडी, मादी तपकिरी, तिच्या शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा. येतो कझाकस्तान-रशियाकडनं, आणि रात्री झाडावर नाही, गवतात जमिनीवर बसतो. माळ पेटवला की त्याची झोपायची जागाच गेली.

आधी दुर्बीण नको, धनगर गाठा. कुठल्या गवतात पाखरं बसतात ते त्याला ठाऊक असतं. आमच्याकडच्या म्हाताऱ्या धनगराचं, अज्जाचं, मराठी तोडकं, माझं कन्नड त्याहून तोडकं. त्यानं काठीनं दाखवलं, काम झालं.

मग डिसेंबर-जानेवारीत दिवस बुडायच्या अर्धा तास आधी बांधावर बसा, निदान २०० पावलं लांब. दोघांनी वेगवेगळ्या बाजूनं मोजा, आकडा जुळेना तर कमीचा धरा आणि ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या वेबसाइटवर, टाका. पहिल्या वर्षी मी बॅटरी घेऊन जवळ गेलो. सगळे भुर्रकन उठले, पुढं आठवडाभर तिथं एकही बसला नाही.

सकाळी पाखरं गेल्यावर त्यांनी ओकलेल्या गोळ्या वेचा. बोटाच्या पेराएवढ्या असतात. पाण्यात फोडा: नाकतोड्यांच्या तंगड्या, उंदरांची हाडं. पक्ष्याचं कौतुक ऐकायला शेतकऱ्याला वेळ नसतो. या तंगड्या ग्रामसभेत वाटीतनं फिरवा.

मग पंचायतीला अर्ज कन्नडमधनंच द्या, माझा मराठीतला दोन महिने टेबलावर पडून होता. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं पंचायतीत समिती असते. तिच्या लोक जैवविविधता नोंदवहीत ही जागा चढवायला सांगा. मागणी लहान ठेवा: चार-पाच एकर, मार्च संपेपर्यंत पेटवायचं नाही, एवढंच. सगळा माळ बंद म्हणालात तर पहिला अज्जाच उलटेल, आणि बरोबरच आहे त्याचं. फ्रान्स-स्पेनमध्ये याच पक्ष्याची घरटी पिकात असतात. कार्यकर्ते ती हुडकून खुणा करतात, शेतकरी कापणीत तेवढा तुकडा उभा ठेवतात. आख्खं शेत कोण सोडतंय?

रस्त्याकडची बाजू मात्र विसरू नका. आमचा भाग बिडीच्या तंबाखूचा, जळतं थोटूक कुणीही टाकतं. डिसेंबरातच सहा-सात फुटांचा पट्टा खुरप्यानं साफ करा. आमच्याकडं बचत गटाच्या बायकांनी दोन सकाळी दिल्या, चहा-भजी माझ्याकडनं.