ठिकाणाचं नाव सगळ्यात शेवटी: घरच्यांना घेऊन सह्याद्रीत कुठे जायचं ते कसं ठरवावं

कळसूबाईच्या शिडीवर आमची वरात अडकली तेव्हा मुलगा सात वर्षांचा होता. घाबरला वगैरे अजिबात नव्हता. त्याला शू लागली होती. डिसेंबरातली जोडून आलेली सुट्टी, खाली चढणाऱ्यांची रांग, वर उतरणाऱ्यांचा खोळंबा आणि मध्ये लोखंडी पायरीला धरून आम्ही. पुढचं सांगत नाही, पोरगं आता मोठं झालंय, त्याला लाज वाटते.

ते ठिकाण मी फोटो बघून ठरवलं होतं. सोबत कोण आहे, दिवस कुठला आहे, मधूनच परतावं लागलं तर काय करायचं, याचा विचारच केला नव्हता. त्यानंतर सासूबाईंपासून धाकटीपर्यंत सगळ्यांना घेऊन डोंगरात आणि कोकणात बऱ्याचदा गेलो आणि ठरवण्याची एक पद्धत आपोआप बसत गेली. ती क्रमाने सांगते. क्रम मोडू नका. ठिकाणाचं नाव त्यात फार उशिरा येतं.

१. एक रविवार घरच्यांची परीक्षा घ्या

"आमच्या मुलांना सवय आहे" हे सगळेच म्हणतात. सवय किती आहे ते एकदा घड्याळ लावून बघा. पुण्यात असाल तर आतकरवाडीतून सिंहगड, मुंबईत असाल तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी, यातलं काही जवळ नसेल तर गावाबाहेरची टेकडी.

वेळेच्या हिशोबासाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला ठोकताळा अजून उपयोगी पडतो: चालण्यासाठी दर ५ किलोमीटरला एक तास, आणि जितका चढ असेल त्यातल्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. हा धडधाकट मोठ्या माणसाचा वेळ. धाकटी पाच वर्षांची असताना आम्हाला याच्या दुप्पट लागायचा. तुमच्या घराचा गुणक असा एकदा काढून ठेवा. मग कुणीही "दोन तासांत माथा" असं लिहिलेलं दिसलं की त्याला त्या गुणकाने गुणायचं. लिहिणारे बहुतेक पंचविशीतले असतात आणि त्यांच्या पाठीवर झोपलेलं मूल नसतं.

परीक्षेत वेळेइतकीच आणखी एक गोष्ट बघा. कोण कशामुळे थांबलं? लहान मुलं दमण्याआधी कंटाळतात. सपाट मातीच्या रस्त्यावर "अजून किती" सुरू होतं आणि दगडांवरून चढायची वेळ आली की तेच पोर माकडासारखं पुढे पळतं. ज्येष्ठांचं उलटं. सासूबाई चढ हळूहळू मजेत चढतात, त्यांचे गुडघे बोलतात ते उतारावर. म्हणून आजी-आजोबांचा अंदाज वर पोहोचल्यावर घेऊ नका, खाली उतरल्यावर घ्या.

२. गडापेक्षा वाट विचारा

"हरिश्चंद्रगड मुलांना जमेल का?" या प्रश्नाला उत्तरच नाही. पाचनईतून गेलात तर आठ-नऊ वर्षांचं मूल खात-पीत वरच्या मंदिरापाशी पोहोचतं. खिरेश्वरहून टोलार खिंडीने गेलात तर तोच गड दिवसभर दमवतो. कोकणातल्या बेलपाड्याहून नळीच्या वाटेने चढायचं म्हटलं तर तिथे कसलेल्या लोकांचीही कसोटी लागते. राजगडाचंही तेच. गुंजवण्याहून चोर दरवाज्याची वाट शेवटी अंगावर येते, पाली दरवाज्याची वाट मात्र रुंद, पायऱ्यांची, राजरस्त्यासारखी आहे.

एक ढोबळ नियम मी पाळते: कुटुंब सोबत असेल तर देशावरून चढायचं, कोकणातून नाही. सह्याद्रीचा कडा कोकणाकडे सरळ तुटलेला आहे. तिकडून निघालात तर जवळजवळ समुद्रसपाटीपासून सगळी उंची पायांनी मिळवावी लागते. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर, आकडा ऐकून धडकी भरते. पण पायथ्याचं बारी गाव मुळात घाटमाथ्यावर आहे, त्यामुळे बरीचशी उंची गाडीनेच पार केलेली असते. राजमाचीची गंमतही इथेच कळते. लोणावळ्याहून साधारण १५ किलोमीटरची लांबलचक पण जवळपास सपाट वाट आहे, आणि कर्जतकडून कोंडिवड्याहून यायचं तर अंतर कमी पण चढ उभा.

वाटेचं वर्णन वाचताना चार शब्दांवर नजर ठेवा. "घसारा" म्हणजे सुटी माती आणि बारीक दगड, उतरताना मुलं तिथे बुडावर येतात. "कातळटप्पा" असेल तर हाताची पकड लागणार. "नाळ" म्हणजे दोन कड्यांमधली दगडगोट्यांची घळ, तिथे वरच्या माणसाने पाडलेला दगड खालच्याच्या डोक्यावर. आणि "दृष्टिभय", हा डोंगरवाल्यांचा फार नेमका शब्द आहे. वाट रुंद असते, पाय नीट पडत असतो, पण बाजूला खोल दरी दिसत राहते. हरिहर गडाच्या जवळजवळ उभ्या कातळपायऱ्यांना हाताला खोबण्या आहेत, चढणं तितकं कठीण नाही. उतरताना खाली बघितलं की मोठमोठ्यांचे पाय लटपटतात. दहा वर्षांच्या मुलाला तिथे नेऊन फोटो टाकणारे पालक असतात. मी नेणार नाही.

३. मधून परत फिरता येईल का?

माझ्या मते हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे, आणि तो कुणी विचारत नाही.

घरचा गट म्हणजे निवडून आणलेला संघ नव्हे. कुणाचं पोट बिघडतं, कुणाची चप्पल तुटते, कुणी नुसतंच रुसतं. म्हणून जागा अशी हवी की कुठल्याही क्षणी "चला, इथेच डबा खाऊ आणि परत जाऊ" म्हणता यावं आणि तरी दिवस वाया गेला असं वाटू नये. लोहगड या बाबतीत उत्तम. पायऱ्या आहेत, प्रत्येक दरवाज्यापाशी थांबण्यासारखं काहीतरी आहे, विंचूकाट्यापर्यंत, म्हणजे गडाच्या टोकाच्या लांब निमुळत्या माचीपर्यंत, नाही गेलात तरी काही बिघडत नाही.

भंडारदऱ्याजवळच्या साम्रद गावची सांदण दरी याचं दुसरं टोक. तिथे दोराने एकदा खाली उतरलात की आल्या वाटेने वर येणं नाही, खालून कोकणाच्या बाजूने लांबचा फेरा घालूनच सुटका. पण हीच दरी अर्धी करता येते. साम्रदहून आत शिरायचं, दोन्ही बाजूंचे उंच कातळ बघत, पाण्यातून चालत, दोराच्या टप्प्याआधीच मागे फिरायचं. मुलांना साहस केल्याचं पुरेपूर समाधान मिळतं आणि तुमचा जीव टांगणीला लागत नाही. पाऊस असेल तर मात्र त्या दरीत पाऊलही ठेवू नका.

नकाशावर "इथपर्यंत गेलो तरी चालेल" अशा दोन जागा आधीच ठरवा आणि मुलांना सांगून ठेवा. मग परत फिरणं हार ठरत नाही.

४. महिना बघा

एकच ठिकाण जानेवारीत पाळणा असतं आणि जुलैत सापळा. पावसाळ्यात मुलांना धबधब्यात भिजवायचा मोह सगळ्यांना होतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ते पाण्याच्या मधोमध खडकावर उभे होते. लोंढा वरून येतो, वरचा पाऊस आपल्याला दिसत नाही. पाणी अचानक गढूळ झालं, त्यात पानं-काटक्या वाहून येऊ लागल्या की क्षणभरही न थांबता काठावर यायचं, हे मुलांनाही शिकवून ठेवा. जिथे वाटेत ओढा ओलांडावा लागतो अशी जागा मी जून ते सप्टेंबर यादीतूनच काढून टाकते. पावसाळी ठिकाणांवर जिल्हा प्रशासनाचे बंदी आदेशही निघतात, निघण्याआधी बातम्या चाळा.

मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, पहिल्या पावसाच्या आगेमागे, भंडारदरा आणि राजमाचीच्या परिसरात काजवे. झाडाखाली मोबाइलचा टॉर्च लावायचा नाही, ही एकच अट. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत कासचं पठार, तेही आधी ऑनलाइन नोंदणी करून आणि शनिवार-रविवार टाळून. नोव्हेंबर ते फेब्रुवारी गडकिल्ल्यांचे दिवस. याच हंगामात भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी असतात, आणि पहाटेच्या नावेत चार वर्षांचं मूलसुद्धा तासभर गप्प बसतं, मी पाहिलंय. एप्रिल-मेमध्ये गडांवरची टाकी आटतात, तेव्हा समुद्राकडे जावं. पावसाळ्यात मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणारी होडी आणि तारकर्लीचं पाण्याखालचं जग बघणं बंद असतं, हे न बघता तिकिटं काढणारे दरवर्षी भेटतात.

५. पाणी आणि दोर असेल तर फोनवर उलटतपासणी घ्या

इथे आपली हौस कमी आणि चालवणाऱ्याचं कौशल्य जास्त असतं. महाराष्ट्र सरकारचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं आणि अशा उपक्रमांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. तेव्हा पहिला प्रश्न नोंदणीचा. दुसरा, वय आणि वजनाची मर्यादा काय? "काही नाही हो मॅडम, सगळे करतात" असं उत्तर आलं तर फोन ठेवून द्या. कोलाडला कुंडलिका नदीवर राफ्टिंग करायचं तर बहुतेक चालक १४ वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत, आणि जे नाही म्हणतात त्यांच्यावरच माझा विश्वास बसतो. तिथलं पाणी वरच्या वीजप्रकल्पातून सकाळी सोडलं जातं, त्यामुळे आदल्या रात्रीच मुक्कामी पोहोचणं सोयीचं.

तिसरा प्रश्न: मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का? मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाला घातलं तर पाण्यात ते वर सरकतं आणि मूल खालून निसटू शकतं. जागेवर गेल्यावर घालून, खांद्यापाशी धरून वर ओढून बघा. कानापर्यंत आलं तर ते त्याचं नाही. पैसे भरले असले तरी.

६. रात्र, दवाखाना आणि शौचालय

हे तिन्ही फोटोत नसतात.

राजमाचीच्या उढेवाडीत घरगुती मुक्काम आणि पिठलं-भाकरी मिळते. पहिल्या वेळी तंबूपेक्षा असं घर बरं, मुलांना रात्री पंखा नसला तरी भिंत लागते. शौचालय कसं आहे ते स्पष्ट विचारा, लाजू नका. घरातल्या बायका दिवसभर पाणी न पिता डोंगर चढतात त्याचं कारण बहुतेकदा हेच असतं. सगळ्यात जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे आहे ते कागदावर लिहून ठेवा. रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक सगळ्यांना पाठ असतो, पण दरीत फोनला रेंज नसते. रेंज कुठल्या टेपावर येते ते गावकऱ्यांना नेमकं माहीत असतं. जाता जाता: कड्यांवर आग्यामोहोळं असतात, तेव्हा अत्तर, फवारे, धूर, आरडाओरडा सगळं घरी ठेवा.

७. आता नाव काढा

२०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, ११ महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. मुलांना यादी पूर्ण करायला फार आवडतं, म्हणून आम्ही तीच भिंतीवर लावली आणि वयानुसार वाटून घेतली. पन्हाळ्यावर गाडी जाते, विजयदुर्गाच्या दारापर्यंत रस्ता आहे, सिंधुदुर्गाला होडी. हे आजी-आजोबा आणि तान्हं मूल असतानाचे. शिवनेरी, लोहगड, प्रतापगड पहिली-दुसरीतल्या मुलांचे. राजगड पाचवी-सहावीनंतर, पाली दरवाज्यानेच. साल्हेर, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला, आमच्या यादीत अजून तसाच आहे.

तीन पिढ्या एकत्र असतील तर रायगडासारखी जागा नाही. सासूबाई आणि धाकटी रोपवेने, आम्ही पायऱ्यांनी. वर पोहोचलो तेव्हा त्या दोघी होळीच्या माळावर बसून ताक पीत होत्या आणि आम्हाला किती उशीर झाला ते मोजत होत्या.

दोन नावं काढा, एक नाही. दुसरं पहिल्यापेक्षा सोपं आणि त्याच रस्त्यावरचं हवं. मग निघायच्या आदल्या संध्याकाळी जिथे जेवण सांगितलंय त्या गावातल्या घरी फोन लावा आणि विचारा: दादा, काल पाऊस किती झाला, ओढ्याला पाणी कुठवर आहे, उद्या गर्दी किती? ते "या की, पण जरा उशिरा या" म्हणाले तर उशिरा जा. "पुढच्या आठवड्यात या" म्हणाले तर दुसरं नाव काढा.